अगोदरच नोंदलेला ग्राहक

पदव्युत्तर वर्गाला व्यावहारिक मराठी शिकवताना एक तासिका मी अनुवादाच्या फजितीसाठी राखून ठेवते. सरकारी फलक, औषधांच्या वेष्टनांवरील सूचना, बँकेच्या यंत्रावर उमटणारी वाक्ये असा ऐवज वर्षानुवर्षे जमलेला आहे आणि त्यावर वर्ग हमखास हसतो. अलीकडे या तासिकेच्या शेवटी मी आणखी एक वाक्य फळ्यावर लिहिते : 'आपण नोंदविलेला ग्राहक आमच्याकडे अगोदरच नोंदलेला आहे.' यावर कोणी हसत नाही. हसण्यासारखे त्यात काही नाहीच. शुद्धलेखन बिनचूक, शब्द परिचयाचे, वाक्य आटोपशीर. बाईंनी उदाहरण चुकीचे घेतले असे मुलांना वाटत असावे. हे वाक्य माझे आहे, आणि त्याने माझ्या मामेभावाचे एका फ्लॅटवरचे कमिशन गेले. निदान तो तसे मानतो. आणि बराच विचार केल्यानंतर मीही आता तसेच मानते.

माझे आजोळ जांभूळ. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन वाढत्या शहरांच्या बेचक्यातले गाव. बाहेरच्यांना हे नाव ठाऊक असते ते एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. बारवी धरणाचे पाणी येथे शुद्ध होऊन आसपासच्या शहरांकडे आणि कारखान्यांकडे जाते. दुरुस्तीसाठी केंद्र बंद राहणार असले की वर्तमानपत्रात गावाचे नाव छापून येते. एरवी गावाची चौकशी करणारे असतात ते जमीन विकत घेऊ पाहणारे. मामेभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बारावीनंतर एका कारखान्यात कामाला होता, तो बंद पडल्यावर विमा एजंट झाला, आणि बदलापूरच्या दोन्ही अंगांना इमारती उठू लागल्या तसा त्याच सायकलवरून, पुढे मोटारसायकलवरून, फ्लॅट दाखवू लागला. २०१७च्या मे महिन्यात महारेरा आल्यावर त्याने रीतसर एजंट म्हणून नोंदणी केली. २०२३ साली एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेला हा गृहस्थ माझ्या घरी येऊन प्रश्नोत्तरे पाठ करीत बसला होता. उत्तीर्ण झाला तेव्हा पेढे दिले.

त्याचा सारा व्यवसाय डायऱ्यांत आहे. रेक्झिनच्या बांधणीच्या, दर वर्षाची एक. प्रत्येक पानावर माणसाचे नाव, मूळ गाव, घरात किती माणसे, कोण कुठे कामाला, मुलगी कितवीला, कर्ज कोणत्या बँकेतून होईल, आणि कोपऱ्यात एखादी खूण जी फक्त त्यालाच कळते. साहित्याच्या विद्यार्थ्याला या डायऱ्या वाचायला मिळाव्यात असे मला अनेकदा वाटले आहे. उल्हास नदीच्या काठाने मुंबईतून सरकत आलेल्या निम्नमध्यमवर्गाचा इतका नेटका दस्तऐवज दुसरा नसेल. पण तो त्या कोणाला देत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी अंबरनाथला एका लहानशा कंपनीत आहे. बी.ए.ला मराठी घेऊन पुढे संगणकाकडे वळला. मोठ्या कंपन्यांनी तयार केलेले ग्राहक-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे बेतून देणे हे त्याचे काम. शिंप्याचेच काम म्हणायचे : कापड दुसऱ्याचे, माप तिसऱ्याचे. या कापडाचा इतिहास फार जुना नाही. टॉम सीबेल यांनी १९९३ साली अमेरिकेत अशा सॉफ्टवेअरची कंपनी काढली. १९९९ साली निघालेल्या सेल्सफोर्सने ते विकत देण्याऐवजी इंटरनेटवरून भाड्याने देण्याची रीत रूढ केली. आणि आपल्याकडच्या झोहोने २००५ साली आपले सॉफ्टवेअर आणून लहान धंद्यांनाही ते परवडेल असे केले. विक्रेत्याच्या डोक्यात आणि खिशातल्या वहीत असलेला ग्राहक कंपनीच्या मालकीच्या कोठारात आणून ठेवायचा, म्हणजे विक्रेता नोकरी सोडून गेला तरी ग्राहक जात नाही, हा या सगळ्याचा गाभा.

बदलापूरच्या एका बांधकाम व्यावसायिकाने असे सॉफ्टवेअर घेतले होते. त्याच्या कार्यालयात सात-आठ विक्री प्रतिनिधी पगारावर, आणि बाहेरचे शंभराच्या आसपास एजंट कमिशनवर. प्रतिनिधींना इंग्रजी पडदे चालत होते; एजंटांना मराठी हवे होते. विद्यार्थी माझ्याकडे आला. "मॅडम, दोनशे-अडीचशे शब्द आहेत आणि तीसेक वाक्यं. तुमच्याशिवाय कोण करणार?" मानधनही देऊ केले. मी ते घेतले, हे येथे सांगितले पाहिजे.

मराठीच्या प्राध्यापकाला परिभाषेचा मोह किती असतो हे या वाचकांना सांगायला नको. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयापर्यंतची परंपरा आपण शिकवतो, आणि कोणी एखादा शब्द मागितला की आपल्यातला रघुनाथपंडित जागा होतो. मी कामाला लागले. 'फॉलो-अप'ला 'पाठपुरावा' हा उत्तम शब्द आपल्याकडे आहेच. 'लीड'ला 'संभाव्य ग्राहक' केला. मामेभाऊ आणि त्याचे सोबती 'पार्टी' म्हणतात हे मला ठाऊक होते, पण तो शब्द मला हलका वाटला. ग्राहकांचे तापमान सांगणारे तीन शब्द होते. 'गरम' आणि 'थंड' ठीक. मधल्यासाठी 'कोमट' लिहिला आणि ग्राहकाला कोमट म्हणण्याची कल्पना इतकी आवडली की तो तसाच ठेवला. 'पाइपलाइन' या शब्दाने बराच वेळ घेतला. विक्रीच्या भाषेत त्याचा अर्थ निरनिराळ्या टप्प्यांवर असलेल्या सगळ्या व्यवहारांची रांग. पण ज्या पट्ट्यात काटई-बदलापूर रस्त्याला सगळे पाइपलाइन रोड म्हणतात, तेथे एजंटाला 'तुमची पाइपलाइन' असे लिहून दाखवणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण. तेथे 'चालू व्यवहार' असे साधे लिहिले.

सर्वांत अडले ते 'ओनर' या शब्दाशी. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीला एक ओनर असावाच लागतो. बेवारशी नोंद यंत्राला चालत नाही. ग्राहकाच्या नावापुढे 'मालक' लिहिणे मला अशक्य होते. मी 'जबाबदार प्रतिनिधी' असे लिहिले, आणि एका असभ्य शब्दाला सभ्य केले म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. विद्यार्थी म्हणाला, "चालेल मॅडम, पण हे फक्त पाटीवरचं नाव. आतलं नाव ओनरच राहतं. सगळे नियम आतल्या नावावर चालतात." मी ते ऐकले, पण समजून घेतले नाही.

त्याच भेटीत एक गंमत झाली. नोंद कशी शोधतात हे दाखवताना त्याने सहज माझा मोबाइल क्रमांक विचारला आणि टाकला. पडद्यावर मी होते. नाव, महाविद्यालय, अवस्था : थंड. शेऱ्यात लिहिले होते, 'प्राध्यापिका. चौकशी करतात, घेत नाहीत.' मी त्या प्रकल्पाची चौकशी जन्मात कधी केली नव्हती. माहिती कोठून आली या रकान्यात माझ्या मामेभावाचे नाव होते! त्याला विचारले तर तो निर्लज्जपणे हसला. महिन्याला दहा नावे नोंदवल्याशिवाय एजंटाचे खाते चालू राहत नाही, म्हणून सगळ्यांनी आपापले नातेवाईक घातले होते. आणि एकदा कार्यालयातून तपासणीचा फोन आला तेव्हा शेरा लिहावा लागला, तो त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे खराच लिहिला. माणसाला न विचारता त्याची माहिती साठवण्याविरुद्ध संसदेने २०२३ साली कायदा केलेला आहे, हे मी त्याला सुनावले. तो म्हणाला, "तुझं नाव काय मी परक्याला दिलं का, बाय?"

असो. मुद्दा पुढचाच आहे.

काही महिन्यांनी उल्हासनगरच्या एका कुटुंबाला त्याने त्या प्रकल्पात फ्लॅट दाखवला. नवरा रिक्षा चालवतो, बायको खासगी रुग्णालयात परिचारिका. तीन वेळा नेऊन आणले. एकदा तिच्या सासूला जिना चढवत नव्हता, कारण लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती, तर खुर्चीत बसवून दोघांनी वर नेले. कर्जाची कागदपत्रे जमवली. पहिल्या भेटीआधी नियमाप्रमाणे मोबाइलवरून नोंदवायला गेला तर उत्तर आले, 'आपण नोंदविलेला ग्राहक आमच्याकडे अगोदरच नोंदलेला आहे.' त्याला वाटले, आपणच आधी कधीतरी नोंदवले असेल. म्हणजे ठीकच झाले. त्या वाक्यात तसे वाटायला पूर्ण जागा आहे. तो निर्धास्तपणे काम करीत राहिला. करारनामा झाल्यावर कमिशन मागायला गेला तेव्हा कळले की त्या बाईंनी चार महिन्यांपूर्वी रस्त्यावरचा फलक पाहून तेथील क्रमांकावर एक फोन केला होता. यंत्राने तो क्रमांक टिपला, कार्यालयातल्या एका प्रतिनिधीच्या नावावर चढवला, आणि नंतर त्या प्रतिनिधीने त्यांना एकदाही फोन केला नाही. ग्राहक 'कंपनीचा' होता.

भाऊ माझ्याकडे आला तो भांडायला नव्हे. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "यातला अर्थ सांग. तुला मराठी येतं."

मी ते वाक्य वाचले, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत आपण जे लाल शाईने लिहितो ते सगळे मला त्यात दिसले. 'नोंदलेला आहे' : कोणी नोंदला? कर्ता नाही. 'अगोदरच' : केव्हा? काळ नाही. 'आमच्याकडे' : म्हणजे कोणाकडे? आणि तो 'च'! किंचित तुच्छतेचा, संवाद संपवणारा 'च', तो तर मूळ इंग्रजीतही नव्हता. लयीसाठी मी घातला होता. कर्ता लपवणाऱ्या वाक्यरचनेवर मी वर्गात किती बोलले आहे : 'आदेश देण्यात आले', 'जमीन संपादित करण्यात आली'. सरकारी भाषेतली ही खोड दाखवून देताना आपल्याला केवढे शौर्य वाटते. येथे तीच खोड मी पैसे घेऊन केली होती.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला फोन केला : वाक्य बदलूया. कोणी आणि केव्हा नोंदवले ते त्यात येऊ दे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, वाक्य बदलता येईल, पण ती माहिती एजंटला दिसत नाही. त्याच्या खात्याला ते रकाने बंद आहेत." मी अंबरनाथला जाऊन त्याच्या शेजारी बसले, आणि या वेळी समजून घेतले.

एका ग्राहकाची नोंद ही एकच वस्तू असते, पण ती प्रत्येकाला वेगळी दिसते. व्यवस्थापकाला सगळी. विक्री प्रतिनिधीला त्याच्या स्वतःच्या आणि काही प्रमाणात सहकाऱ्यांच्या नोंदी. बाहेरच्या एजंटाला फक्त त्याने स्वतः भरलेल्या, त्याही अर्ध्या. याला कारण आहे, आणि ते क्षुल्लक नाही : एजंट एकाच वेळी चार बिल्डरांचे काम करतो, त्याला सगळे दाखवले तर तो कंपनीचे ग्राहक पलीकडच्या प्रकल्पात नेईल. कार्यालयातल्या मुलांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. जाहिरातीवर कंपनी पैसा घालते. फलक पाहून आलेल्या माणसाला फाटकावर गाठून, त्याला आपलाच म्हणून आत आणणारे एजंट असतात. त्या मुलांचा पगार बेताचा आणि विक्रीचा आकडा डोक्यावर. अगोदर नोंद ज्याची त्याचा ग्राहक, हा नियम भांडणे मिटवण्यासाठीच आलेला आहे.

मग विद्यार्थ्याने दोन अर्ज शेजारी शेजारी उघडून दाखवले : एजंटाने नोंद करायचा आणि कार्यालयाने करायचा. एजंटाच्या अर्जात तळाशी एक रकाना होता, 'नोंदीची मुदत : ६० दिवस'. साठ दिवसांत व्यवहार पुढे सरकला नाही तर एजंटाचा हक्क आपोआप संपतो. हे चार शब्द माझेच. 'वैधता' की 'मुदत' यावर मी बराच विचार केलेला मला आठवत होता. कार्यालयाच्या अर्जात हा रकानाच नव्हता. एजंटाने आणलेला माणूस दोन महिन्यांनी मोकळा होतो. फलक पाहून एकदा फोन केलेला माणूस कायमचा कंपनीचा. चार महिने नव्हे, चार वर्षे झाली असती तरी उत्तर तेच आले असते. मी एका अर्जातला शब्द घासूनपुसून देत होते तेव्हा दुसऱ्या अर्जात त्या जागी काहीच नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. आपण जे समोर आहे त्याचाच अनुवाद करतो. जे तेथे नाही त्याला मराठीत काय म्हणावे, असे मला कोणी विचारले नव्हते.

हा नियम कोणी केला, असे मी विचारले. विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून दिसले की बसून, ठरवून तो कोणीच केला नव्हता. एजंटांसाठीचा भाग नंतर जोडला गेला, तेव्हा विक्रीप्रमुखांनी मुदत मागितली म्हणून रकाना आला. कार्यालयाच्या बाजूने ती कोणी मागितली नाही म्हणून आला नाही. या बेतण्याच्या कामात जो मागणी करतो त्याच्या मापाने कपडा होतो, आणि शंभर एजंटांपैकी एकालाही त्या बैठकीत बोलावलेले नव्हते.

वडिलांचे दहावे आम्ही नाशिकला केले, त्याची मला तेव्हा आठवण झाली. रामकुंडावर पोहोचल्याबरोबर पहिला प्रश्न : आडनाव काय, गाव कोणते? त्यावरून आमचे उपाध्याय कोण ते ठरले. दुसऱ्या कोणी आम्हांला हात लावला नाही. मग लांबट वही आली, आणि तीत माझ्या पणजोबांचे मोडीत लिहिलेले नाव निघाले. ग्राहक-व्यवस्थापन म्हणतात ते हेच : गावे वाटून घेतलेली, घराण्यांच्या नोंदी, पिढ्यान्‌पिढ्यांचा पाठपुरावा. फरक इतकाच की ती वही यजमानापुढे उघडतात. आम्ही आमचे पान वाचले आणि वडिलांचे नाव मी माझ्या हाताने लिहिले.

पण या वह्यांचे फार कौतुकही करून चालणार नाही. यजमान कोणाचा, या प्रश्नाने महाराष्ट्रात मोठा इतिहास घडवला आहे. ग्रामजोशाचे वतन असे. यजमानाने विधी दुसऱ्याकडून करवून घेतला, तरी वतनदार जोशी आपली दक्षिणा मागू शके आणि न्यायालयेही ती मागणी उचलून धरीत. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा ही मागणी त्याच्या वाटेत उभी राहिली. आणि सेवा न करता दक्षिणा मागण्याचा हा हक्क मुंबई इलाख्यात कायद्याने रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. फलकावरच्या एका फोनच्या आधारे त्या परिचारिकाबाईंवर कायमचा हक्क सांगणारे कार्यालय मला वतनदार जोशासारखे वाटले. हे मी भावाला उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि मी कोण? माझ्या डायरीतला माणूस दुसऱ्या एजंटाबरोबर गेला तर मलाबी राग येतोच की." त्याचे खरे आहे. त्या बाईंना तर आपल्यावरून दोन पक्षांत वाद चालू आहे, याचा पत्ताही नव्हता. त्यांनी फलक पाहिला, फोन केला, मग ओळखीतून एक माणूस भेटला, त्याने सासूला वर नेले, त्यांनी घर घेतले.

विद्यार्थ्याने धीर करून दोन सुधारणा लिहून पाठवल्या. 'धीर करून' म्हणते, कारण गिऱ्हाइकाने न मागितलेला बदल सुचवणे त्याच्या धंद्यात बसत नाही, आणि हे त्याच्या मॅडमच्या भावाचे प्रकरण आहे हे त्याने वर कळवले की नाही, ते मी विचारलेले नाही. पहिली सुधारणा मान्य झाली. आता एजंटाला उत्तर येते ते असे : 'हा क्रमांक आमच्या कार्यालयाने अमुक तारखेला नोंदवला आहे. शेवटचा संपर्क अमुक तारखेला झाला. या ग्राहकावर तुम्हांला कमिशन मिळणार नाही.' तिसरे वाक्य मी आग्रहाने घालायला लावले. ते कठोर आहे, पण ते वाचून कोणी तीन वेळा माणसे नेऊन आणणार नाही. दुसरी सुधारणा, कार्यालयाच्या नोंदींनाही मुदत असावी ही, विक्रीप्रमुखांकडे पडून आहे. पाठपुराव्याविना नव्वद दिवस गेले की ग्राहक मोकळा, असे आम्ही सुचवले होते. त्यावर अद्याप होकार नाही, नकारही नाही. गेलेले कमिशन गेलेच.

'जबाबदार प्रतिनिधी' ही पाटी मी बदलून 'नोंदीचा मालक' करायला सांगितली. विद्यार्थ्याला आश्चर्य वाटले. आत जे आहे तेच बाहेर असू दे, असे मी म्हटले. 'संभाव्य ग्राहक' मात्र राहिला आहे. एजंट तो वाचतात आणि 'पार्टी' म्हणतात.

दिवाळीत जांभूळला गेले तेव्हा भाऊ डायरी आणि मोबाइल दोन्ही घेऊन ओटीवर बसला होता. आता तो पार्टीला घेऊन निघण्याआधी नवराबायको दोघांचे क्रमांक तपासतो. भेट झाली की डायरीत वेळेसकट लिहितो आणि तेच मोबाइलवर शेऱ्याच्या रकान्यात उतरवतो. अडचण एवढीच की त्या रकान्यात अडीचशे अक्षरेच मावतात आणि त्याची नोंद नेहमी लांबते. त्याने मला एक कापून द्यायला सांगितली. रविवार सकाळ, साडेदहा, कोण कोण आले, म्हातारीचे गुडघे, दुसऱ्या मजल्याच्या वर नको, मी स्वतः गाडीवरून आणले. मी गुडघे काढू म्हटले, तो नाही म्हणाला. पुढच्या वेळी तेच उपयोगी पडतात. 'मी स्वतः' यातला एक शब्द जास्त आहे, असे मी सुचवले. त्यावर त्याने मोबाइल परत घेतला आणि 'रविवार' खोडून तेथे फक्त तारीख ठेवली.